कुंपणाआतला पत्रा

बापट गेल्याचा वहिनींचा फोन आला तेव्हा मी हॅनोव्हर स्टेशनवर उभा होतो. "यांना हार्ट अटॅक आला हो..." एवढंच त्या बोलल्या. मला रडू आलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचा रिवाज आहे. पण माझा राग अजून गेलेला नाही आणि तो मी लपवणार नाही.

बापट आमच्या धातूच्या कारखान्यात कस्टम्स बघायचे. परदेशी पत्र्याची गुंडाळी कुंपण घातलेल्या त्सोललागरमध्ये, म्हणजे कस्टम्सच्या देखरेखीखालच्या गोदामात, उतरली की तिच्यावर आयात शुल्क लागायचं नाही. तिच्यापासून सुटे भाग बनवून युरोपबाहेर धाडले, तर शेवटपर्यंत लागायचं नाही. जर्मन गिऱ्हाइकाला विकायचे, तर मात्र आधी शुल्क भरायचं, मगच पत्रा कुंपणाबाहेर. या सवलतीवर कारखाना तगून होता, आणि बापट तिच्यावर नागासारखे बसलेले. शिक्का वाकडा पडला तरी चारचौघांत पाणउतारा करायचे.

एका शुक्रवारी जर्मन ऑर्डरचा पत्रा संपला, मशीन थांबलं. मी आतली गुंडाळी बाहेर काढली. पत्रा तोच, आवार तेच. सोमवारी शुल्क भरलेली दुसरी येणारच होती, ती आत ठेवली की झालं! पुण्याच्या वर्कशॉपमध्ये आम्ही अशीच अदलाबदल करायचो. दुपारी मीच बापटांना सांगितलं. "आल्झो... बरं, बघतो मी," ते म्हणाले.

दर शनिवारसारखे त्याही शनिवारी ते आमच्याकडे जेवायला आले. आमटी दोनदा मागून घेतली, माझ्या मुलीशी पत्ते खेळले. सोमवारी कळलं, शुक्रवारीच त्यांनी कस्टम्सला माझ्या नावानिशी कळवलं होतं. नोकरी गेली. व्हिसा नोकरीवरच होता. सामान बांधायला काढलं होतं, तेवढ्यात दुसरं काम मिळालं म्हणून निभावलं.

मी त्यांना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, "लपवलं असतं तर त्सोललागरची परवानगी गेली असती. सगळेच घरी बसले असते."

"ते नाही विचारत. अहो, जेवताना का नाही बोललात?"

"जेवण छान चाललं होतं..."

नियमाने ते बरोबर होते, हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझ्याच घरात तो घास त्यांच्या घशाखाली उतरला कसा? त्यानंतर मी त्यांना घरी येऊ दिलं नाही.

मुलगी अजून दर शनिवारी टेबलावर चौथं ताट मांडते. काका येणार का, असं जर्मनमध्ये विचारते. त्यांना जाऊन तीन आठवडे झाले. "कामात आहेत गं," मी म्हणतो, आणि तिच्यासमोर बसून जेवतो.