नाझरसाहेबांचं लॉन

बुलढाण्याच्या कचेरीत मी कारकुनी केली त्याला जमाना झाला. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. काम विसरलो, साहेबांची नावं विसरलो, पण पान लावायला बसलं की किस्से आपले निघतातच! एक सांगावा तर दुसरा म्हणतो, मी काय पाप केलं? आज फक्त लॉनचे सांगतो.

दिवाळी सरली, घाटावर थंडी पडू लागली आणि आमच्या गोऱ्या साहेबांना बंगल्यापुढं लॉन हवं झालं. नाताळात नागपूरचे मोठे साहेब मुक्कामाला येणार होते. आमच्या साहेबांनी नाझर दत्तूपंतांना बोलावलं. नाझर म्हणजे बंगल्याच्या खुर्चीपासून खिळ्यापर्यंत सगळं बघणारा माणूस. पंतांची एकुलती लेक नांदुऱ्याला दिलेली, तिला दिवस गेलेले, आणि घरी काकूंचा, म्हणजे पंतांच्या बायकोचा, पदर रोज डोळ्याला. नांदुऱ्याची बदली मिळावी म्हणून पंत साहेबांच्या मागे लागले होते.

साहेब म्हणाले, "लॉन हरा, तो बदली. लॉन नहीं, तो बदली नहीं!"

पंत बाहेर आले ते घाम पुसत. थंडीत!

*

आता गवत कोणतं? शिरस्तेदार म्हणाले, हरळीच लावा. पंतांनी शेजारच्या गावच्या सोनाजी पाटलांना निरोप धाडला, गाडीभर हरळी आणून लावून द्या. पाटील तरातरा कचेरीतच आले.

"काऊन हो पंत, डोकं ठिकान्यावर हाय ना? माह्या आज्यानं वावरातली हरळी खंदून काहाडली, बापानं खंदली, मी खंदून राह्यलो. अन् आता तुमी मले म्हंता, लाव? गावात तोंड कसं दाखवू?"

नाही लावली ती नाहीच!

*

मग साहेबांनी विलायती बियाचं पाकीट काढून दिलं. त्याला पाटलांची हरकत नव्हती. त्यांनी जमीन वखरली, पेरायच्या तिफणीची पूजा केली, नारळ फोडला आणि झोकात पेरून दिलं.

उगवलं हो! पण कसं? ज्वारीसारखं, तासातासानं, ओळीनं! मधे वीतवीतभर मोकळी माती. साहेब व्हरांड्यातून बघतच राहिले. "ये क्या है?"

पाटील छाती फुगवून म्हणाले, "येक तास वाकडं असंल तं सांगा, हुजूर!"

*

तेवढ्यात मधल्या मातीत रानगवत माजलं. पंतांनी निंदायला गिरजाबाई आणि तिच्या बाया लावल्या आणि स्वतः कचेरीत येऊन बसले. परत जाऊन बघतात तर सगळी जमीन तळहातासारखी साफ! पंत धावत बायांकडं गेले.

"अवो गिरजाबाई, साहेबाचं गवत कुठं गेलं?"

गिरजाबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "गवत म्हनून तं समदं काहाडलं, पंत! पीक तुमचं उगोलंच नाई."

*

नाताळ तोंडावर आलेला, पाकीट संपलेलं. मग एका दुपारी पंत घरून एक पोतं घेऊन आले आणि स्वतःच्या हातानं मुठीमुठीनं दाट फोकून पेरायला लागले.

"कोणतं बी आहे, पंत?" मी विचारलं.

"आहे एक जातिवंत गवत."

मी पोत्यात हात घातला. बन्सी गहू!

"पंत!"

"गप राहा ना बाप्पा! नवरात्रात घटाले कधी दगा देल्ला का यानं?"

*

पेरलेल्या दाण्यांवरची पाखरं काही उठेनात, म्हणून साहेबांचा जुना कोट आणि टोपी काठीवर चढवून बुजगावणं उभं केलं. दुसऱ्या दिवशी बीबी गावचा एक म्हातारा आला आणि धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणाची सगळी कहाणी हात जोडून त्या काठीपुढं सांगून मोकळा झाला! जाताना मला म्हणतो, "देवमानूस हाय साहेब! समदं आयकून घेतलं. येक डाव बी खेकसले नाई!"

*

नाताळात मोठे साहेब आले तेव्हा बंगल्यापुढं हिरवंगार! गिरजाबाईनं विळ्यानं वरून सारखं केलेलं. मोठे साहेब बूट काढून त्यावर फिरले. आमच्या साहेबांनी त्याच दिवशी बदलीवर सही केली आणि पंत काकूंना घेऊन नांदुऱ्याला गेले. आम्हाला खरंच बरं वाटलं.

पण लगेच साहेब दौऱ्यावर निघाले, आणि बजावून गेले की मी येईपर्यंत लॉनला कोणी हात लावायचा नाही. हुकूम म्हणजे हुकूम! फाल्गुनात परतले तर बंगल्यापुढं कमरेइतका गहू, ओंब्यांनी लवलेला!

नांदुऱ्याला बोलावणं गेलं. पंत आले. तोंड पांढरंफटक. लेकीचे दिवस भरत आलेले, अशात बदली रद्द झाली तर संपलंच. आम्ही सगळे खिडकीला डोळे लावून.

साहेबांनी एक ओंबी तोडली आणि पंतांच्या नाकाशी धरली. "नाझर, ये घास है?"

पंतांनी हात जोडले. "हुजूर, पेरलं तं गवतच होतं. पुढचा सारा हुजुरांचा पायगुण!"

साहेबांनी ओंबी तळहातावर चोळली, फुंकर मारली, दाणे तोंडात टाकले आणि बराच वेळ चावत राहिले.

"जाओ नांदुरा वापस," ते म्हणाले. "मगर उधर कुछ बोना मत!"