साडूंची सकाळची हजेरी

आलेली पत्रं न वाचता नुसती मोजून तृप्त होणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच असेल, आणि तो माझा थोरला साडू आहे. एका कारखान्याच्या संगणक विभागात त्यांची उभी हयात गेली. त्या काळी पडद्यावर चित्रं नव्हती, माउस नव्हता. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची आणि उत्तराची वाट बघायची. जग पुढे गेलं, साडू तिथेच राहिले, तेही पूर्ण विचार करून. कर्वेनगरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आजही सकाळी बरोब्बर सातला तो काळा पडदा उघडतो. कामाच्या बाई पहिल्यांदा तो पाहून म्हणाल्या, "काका, तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय वाटतं." साडू मान वर न करता म्हणाले, "बाकीच्यांचे बिघडलेत."

त्यांना येणारी मेल आपोआप चार पेट्यांत पडते: बँक, सोसायटी, जाहिराती आणि माणसं. 'हजेरी' एवढाच शब्द टाइप केला की कुठल्या पेटीत नवीन मेल किती, ते चार ओळींत समोर येतं. नवीन म्हणजे कालच्या हजेरीनंतर आलेली आणि न उघडलेली; एकदा उघडली की ती मोजणीतून बाद, हा नियम ते आल्यागेल्यालाही समजावतात. मग चहाच्या टेबलावर निकाल लागतो. "बँक चार, सोसायटी एक, जाहिराती एकतीस, माणसं शून्य." पहिल्या तीन पेट्या ते उघडत नाहीत. सोसायटीची ती एक मेल पाणी बंद असल्याची होती, हे त्यांना अंगाला साबण लावल्यावर कळलं. "एक आहे, हे मी सांगितलं होतं!" ते आतून ओरडले. माझ्या मुलीच्या लग्नाचा अल्बम मी कौतुकाने दाखवायला नेला, तर पानं भराभर उलटून त्यांनी परत दिला. "एकशे बेचाळीस. छान झालं लग्न."

माणसांची पेटी मात्र ते उघडायला टपलेले असत. पण गेली दोन वर्षं तिथे रोज शून्य. तो आकडा सांगताना त्यांचा आवाज जरा खाली यायचा, आणि मला त्यांचं वाईट वाटायचं. कारखान्यातले जुने सोबती आपल्याला विसरले, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. फोन करून विचारा म्हटलं तर म्हणत, "आठवण काय मागून घ्यायची असते?"

शेवटी यंदा त्यांनी एकच प्रयत्न करायचं ठरवलं. कोथरूडला एक छोटा हॉल घेतला आणि सव्वीस जणांना स्नेहभेटीचं आमंत्रण धाडलं. खाली तळटीप होती: 'येणाऱ्यांनी मेलने कळवावे. फोन करू नये.' त्यानंतर आठ दिवस माणसं शून्य. नवव्या सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "हॉलवाल्याला तुम्हीच सांगा रद्द म्हणून. मला नाही सांगवणार." एवढा ताठ माणूस, पण चष्मा उगाचच पुसत होता.

तेवढ्यात माझी मेव्हणी पोहे घेऊन बाहेर आली. "रद्द? अहो, एकोणीस जण येताहेत! मी सगळ्यांना उत्तरं पाठवलीत."

दोन वर्षांपूर्वी विजेचं बिल बघता यावं म्हणून साडूंनीच आपली मेल तिच्या टॅबवर लावून दिली होती. ती सहाला उठते. बिलाच्या शेजारी माणसांची पत्रं दिसायची, साडू ती नुसती मोजतील, उत्तर देणार नाहीत असं तिला वाटायचं, म्हणून ती वाचायची आणि साडूंच्या नावाने उत्तर लिहायची. सातला हे मोजायला बसत, तेव्हा नवीन काहीच उरलेलं नसे.

"मग मी रोज शून्य म्हणत होतो, तेव्हा बोलली का नाहीस?" साडू म्हणाले.

"मला वाटायचं, तुम्ही माझं काम तपासताय. शून्य म्हणालात की मला बरं वाटायचं."

साडूंनी पोह्यांना हात लावला नाही. काळ्या पडद्यात ते बराच वेळ काहीतरी शोधत राहिले आणि मग धाडलेल्या पत्रांची पेटी उघडली. आजवर ती कधी मोजलीच नव्हती, कारण तिथे नवीन काही येत नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना वाचताना पाहिलं. कुणाच्या गुडघ्याची चौकशी होती, कुणाच्या नातीला दहावीबद्दल शाबासकी, कुणाची बायको गेली त्याला लिहिलेलं मोठं पत्र. प्रत्येकाखाली साडूंचं नाव.

स्नेहभेटीला एकोणीसच्या एकोणीस जण आले. बायको गेलेले ते गृहस्थ आल्या आल्या साडूंचे दोन्ही हात धरून म्हणाले, "तुमच्या पत्राने मला सावरलं हो." साडूंनीही त्यांचे हात धरून ठेवले.

घरी परतताना मला म्हणाले, "त्या पत्रांतला माणूस फार चांगला आहे हो. सगळ्यांना तोच हवा होता." थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाले, "मी आता रोज एक पत्र लिहायला बसतो. तो माणूस काही मला जमत नाही."