दम शिल्लक, झेप गायब

पोरींनो, आपल्या जुन्या खो-खो संघाची अब्रू आज मी एकटीनं घालवली.

सकाळी औरंगपुऱ्यातल्या आपल्या शाळेत माजी विद्यार्थिनी विरुद्ध आताच्या मुली असा सामना होता. मी वर्षभर रोज पहाटे आठ किलोमीटर पळतेय. वाटलं, त्रेचाळिशी आली म्हणून काय झालं!

बचावाला उतरले. नववीतली एक पोरगी खांबाला वळसा घालून अंगावर आली. अशा वेळी मी एका झेपेत निसटायचे, आठवतंय ना? आज पाय ढिम्म हलले नाहीत. अर्ध्या मिनिटात बाद!

वर ती पोरगी विचारते, "काकू, तुम्हाला धापसुद्धा लागली नाय. मग निसटल्या का नाय?"

त्यांचे क्रीडाशिक्षक म्हणाले, "ताई, लांब पळून दम टिकतो. झटका, म्हणजे एकदम उसळी मारायची ताकद, टिकत नाय. वय वाढलं की तोच आधी जातो, आणि तुम्ही नेमका त्याचाच सराव सोडला."

लई राग आला. स्वतःचाच.

सामना संपला तेव्हा त्या जिंकलेल्या पोरी मैदानात आडव्या पडून धापा टाकत होत्या. मी हरलेली, चिकलठाण्यापर्यंत आठेक किलोमीटर न थांबता पळत घरी आले.

सांगा, आता या दमाचं काय लोणचं घालू?