पायाळू माणसाची लाथ

मी पायाळू आहे. जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी आले. आईचे हाल झाले, आणि मला जन्मभराचं एक काम चिकटलं. आमच्याकडे पायाळू माणसाने कमरेला लाथ मारली की चमक उतरते, असा पक्का समज आहे. मी परकर-पोलक्यात होते तेव्हापासून लोक सकाळी अंगणात येऊन पालथे पडतात. हातातली भाजी ठेवायची, चप्पल काढायची आणि लाथ मारायची. आणि पालथ्या माणसाचा खालून आवाज येतो, "जराशी जोरात वो बाई, लाजू नका!"

लग्न होऊन आर्णीत आले तेव्हा सासरच्यांनी हे गल्लीभर सांगितलं, जणू सुनेबरोबर दवाखानाच आला.

मी यादी करून जगणारी बाई. शाळेच्या कार्यालयात काम करते. आधी काय, मग काय, हे ठरलं की हात चालतात. दुखण्याच्या बाबतीत मात्र आमची माणसं क्रमच उलटा लावतात. आधी उपाय, मग दुखण्याचं नाव, आणि नेमकं काय होतंय हे विचारणं सगळ्यात शेवटी, तेही कोणाला आठवलं तर. याचा मला मनस्वी संताप येतो.

माझी मोठी जाऊ घरची पिठाची गिरणी चालवते. दळणाचे डबे उचलून तिची कंबर दुखायचीच. मागच्या हिवाळ्यात ते दुखणं डाव्या पायात उतरलं. एका सकाळी ती आमच्या दारात आली, तर उजव्या पायात चप्पल आणि डावा अनवाणी.

"बाई, दुसरी चप्पल कुठे?"

तिने खाली पाहिलं. "अव माय! कुठी पडली?"

चप्पल कोपऱ्यावरच सुटली होती आणि तिला कळलंही नव्हतं. तरी ती ओसरीवर पालथी पडली. "मार लाथ. लग्नापासूनचा सारा राग काढून घे."

"मी नाही मारणार."

"काहून?"

"पाय बधिर झालाय तुमचा. उद्या यवतमाळला दाखवू. मी रजा टाकते."

"साऱ्या गल्लीले लाथा मारते, अन् मलेच नाही! मोठी डॉक्टरीण!" ती उठली आणि पाय ओढत गेली.

त्याच आठवड्यात मंगल कार्यालयात एक शिबिर लागलं होतं. बॅनरवर मोठ्या अक्षरांत 'कायरोप्रॅक्टिक', म्हणजे हाताने मणके बसवण्याची विद्या, आणि खाली 'मणक्याचा गॅप एका झटक्यात बंद'. माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, म्हणजे भासरे, जाऊबाईंना तिथे घेऊन गेले. मी सगळं मोबाइलवर पाहिलं, कारण भासऱ्यांनी व्हिडिओ गल्लीच्या ग्रुपवर टाकला. त्या माणसाने एकच प्रश्न विचारला, "कुठं दुखतं?" मग तिला कुशीवर वळवलं, गुडघा दुमडला, खांदा धरला आणि झटका दिला. कट्ट! मागे टाळ्या. भासऱ्यांचा आवाज, "बसला गॅप!"

हा 'गॅप' शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. आमच्या जिल्ह्यात कंबर दुखणाऱ्या प्रत्येकाला गॅप असतो. लोकांना वाटतं, दोन मणक्यांत फट पडली, ती दाबून मिटवायची. खरी गोष्ट उलटी. मधली गादी झिजते, जागा कमी होते, कधी गादी बाहेर सरकून नस दाबते. नसलेली फट मिटवायला माणसं रांग लावतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गिरणीत गेले. पट्टा घरघरत होता. त्या आवाजाच्या आडून जाऊ माझ्या कानाशी म्हणाली, "मले लघवी झालेली समजूनच नाही राह्यली."

"भाऊजींना सांगितलं?"

"हे माणसाले कसं सांगू व?"

मी गिरणी बंद केली. भासरे बाहेर उभे होते. "गाडी काढा. यवतमाळला जायचंय, आत्ता."

"अवो, कालच बसला ना गॅप! शिबिरवाले म्हणे दोन दिवस अंग मोकळं होते."

"गाडी काढा भाऊजी. लोक दळण उद्या नेतील."

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी प्रश्न विचारले. चप्पल सुटते का? लघवी कळते का? बसायच्या जागी बधिर वाटतं का? घोटभर चहा संपायच्या आत संपतील एवढेच प्रश्न. एमआरआयमध्ये सरकलेली गादी नसा दाबताना दिसली, आणि त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. हे शिबिरातल्या झटक्यामुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, त्या म्हणाल्या, गादी आधीच सरकत असणार. पण अशा पाठीला झटका द्यायचाच नव्हता.

तिथल्या फिजिओथेरपिस्टला मी खोदून विचारलं. शिकलेल्या हाताने मणक्यावर दिलेला दाब साध्या पाठदुखीला थोडा आराम देतो, असं अभ्यासात दिसतं. व्यायामाने मिळतो साधारण तेवढाच. काही देशांत ही विद्या रीतसर शिकवतात, आणि कोणाच्या पाठीला हात लावायचा नाही, हेही त्यात येतं. बहुतेक चमका तर आपोआपच जातात. म्हणजे माझ्या लाथेची सगळी कीर्ती त्या आपोआपची! आणि शिबिरवाल्याच्या टाळ्याही.

वॉर्डाबाहेर नातेवाईक जमले होते. सगळ्यांसमोर भासरे मला म्हणाले, "तू तवाच एक लाथ मारली असती, त ते शिबिरात गेलीच नसती." दोघातिघांनी माना डोलावल्या.

"डॉक्टरकडे चला, असं मी म्हणाले होते, ते कोणाला ऐकू आलं नाही?"

"डॉक्टर डॉक्टर त सारेच म्हणतात."

मी तिथून उठून गेले, नाहीतर त्या दिवशी मी खरोखरच कोणाला तरी लाथ मारली असती.

काही दिवसांनी जावेने साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "समजली वो! लघवी समजली!" शेजारच्या खाटेवरची म्हातारी हसून हसून खोकली. पायाचं मात्र कोणीच काही सांगेना. पंजा लुळाच होता. गिरणीत पुन्हा उभं राहता येईल का, हे तिने मला रोज विचारलं आणि मी रोज विषय बदलला.

घरी आल्यावर भासरे खाटेजवळ येऊन म्हणाले, "आता ते शिबिर पांढरकवड्याले लागणार हाये. उरलेलं तिथं दाखवू का?"

मी तोंड उघडणार, तोच जाऊ बोलली. "तुमीच झोपा जा त्याच्यापुढं. अन् हला बाजूले, माह्या पायावर उजेड येऊ द्या."

तिने दात आवळले आणि पंजाकडे पाहत राहिली. अंगठा हलला. बाकीची बोटं नाहीत.