काचेआडची खंडेनवमी

घाटकोपरच्या चाळीतील गुणाजी परब शहरातील एका वस्तुसंग्रहालयात शस्त्रांच्या दालनाची देखभाल करीत असे. चिलखते, ढाली आणि कट्यारी तो इतक्या निगुतीने पुसे की, वरिष्ठांना मागे उभे राहावे लागत नसे. त्याच्या आजोबांची तलवारही आता तेथेच काचेच्या कपाटात होती. आजोबा गेल्यावर त्यानेच ती संग्रहालयास दिली होती.

१९५६ सालची खंडेनवमी, म्हणजे शस्त्रपूजनाचा दिवस, त्या तलवारीला तेथे प्रथमच येत होती. "गावाक एक वर्स चुकला नाय, हंय पण चुकूचा नाय," असे बजावून आई जानकीने सकाळी कुंकवाची पुडी त्याच्या खिशात घातली.

कपाट उघडले तेव्हा दालनात दुसरे कोणी नव्हते. गुणाजीने पुडी सोडली, पात्याकडे बराच वेळ पाहिले आणि पुडी पुन्हा बांधली.

संध्याकाळी आईने विचारले, "लायलंस मां रे झिला?"

"नाय गे आये. ओल्या कुंकवान पाता गंजता."

"मगे तुजो आजो येडो होतो?"

"आजो दुसऱ्या दिसा पुसून घेय. उद्या माका सुट्टी. थंय कोण पुसतलो?"

जानकी दुखऱ्या स्वरात म्हणाली, "म्हणजे यंदा तिका घरच्या कोणाचो हात लागलोच नाय."

"माझो लागलो. तेल लावन पुसलंय."

तिने देवापुढचे तबक ओढून घेतले. "हात हाड हंय," ती म्हणाली आणि त्याने पुढे केलेल्या दोन्ही तळव्यांना तिने हळदकुंकू लावले.