एक चिंचोका उरला

इस्लामपुरात कचेरीमागच्या गल्लीत माझं बायंडिंगचं दुकान हाय. मी आकाराम, फौजेतनं हवालदार म्हणून सुटलो. भिंतीला भिंत लागून गुणमालावैनींचं टायपिंग. त्यांनी टाईप करायचं, मी बांधायचं, असं आमचं चालतं. मला घाई, त्यांना सबुरी, त्यामुळं रोज एकदा तरी माझं डोकं फिरतं.

वैनी शिकल्या दहावी. पण शास्त्राच्या पोरांचे प्रबंध पार साताऱ्या-सांगलीतनं त्यांच्याकडं येत्यात, ते वरच्या आकड्यांसाठी. दहाच्या डोक्यावर बारीक सहा असतो बघा, म्हंजे एकावर सहा शून्यं. तो सहा खाली घसरला तर दहा लाखाचे एकशे सहा होत्यात, आणि वाचणाऱ्याला पत्तासुदीक लागत न्हाई. टाइपरायटर होता तवा वैनी रूळ अर्धं घर मागं फिरवून तो आकडा वर मारायच्या. आता एक बटण दाबलं की चढतो. पण उतरतोय पण तसाच. एका फाइलीतला मजकूर दुसरीत चिकटवला की सगळे गप खाली येऊन बसत्यात.

म्हणून वैनींनी आपली एक रीत काढली. हातानं लिहिलेली प्रत आली की त्यातले वरचे आकडे मोजायचे आणि तेवढे चिंचोके एका डब्यात टाकायचे. शेवटची छापील प्रत निघाली की एकेक आकडा जागेवर हाय का बघायचं, आणि एकेक चिंचोका दुसऱ्या डब्यात. पहिला डबा रिकामा झाला की मगच मला हाक. मी लय हसायचो. म्हणायचो, वैनी, एवढा संगणक घेतला तो काय पूजेला?

गेल्या वर्षी मेढ्याकडची शिवांजली आली. जावळीतल्या डोंगरझऱ्यांच्या पाण्यात जंतू किती, हा तिचा प्रबंध. पोरगी गुणाची, चार वर्षं बाटल्या घेऊन डोंगर पालथे घातलेली. त्या दिवशी विद्यापीठात प्रबंध द्यायची शेवटची तारीख, तीही संध्याकाळी पाचपर्यंत. पाच प्रती हव्या होत्या. वैनींच्या हाकेची वाट न बघता मी चार बांधून मोकळा झालो, काळं कापड, सोनेरी अक्षरं. पाचवी वैनींपुढं होती.

दोनशे दहा चिंचोके गेले आणि एक उरला.

वैनींनी परत पहिल्यापासनं मोजलं. परत एक उरला. मी म्हणालो, एखादा जादा पडला असंल, सोडा की. त्यांनी ऐकलं न्हाई. शिवांजलीकडं हाताची प्रत मागितली, पानाला पान लावून बघू म्हणाल्या. पोरगी खाली बघत बोलली, ती गावी राहिली.

वैनींनी चष्मा काढला. मार्चमधी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं.

"आकारामभाऊ, माझा आकडा सुटला," त्या म्हणाल्या. "कुठं सुटला ते पण मला दिसंना. आता लोकांची कामं घेऊ नयेत. तेवढी पाटी काढा आजच."

एकतीस वर्षांची पाटी ती. मला वाईट वाटलं की मी आधी ओरडतो, तसा ओरडलो. वैनी संगणकावर कापड घालून त्याच्या कडा सारख्या करत बसल्या.

शिवांजली कवापासनं पिशवीचा बंद पिळत होती. ती पुढं आली.

"काकू, तुमचा आकडा न्हाई सुटला. ती ओळ मीच काढली."

पिशवीतनं तिनं हाताची प्रत काढली आणि टेबलावर ठेवली. मग एकेक करून सगळं सांगितलं. आदल्या दिवशी वैनी दिवस मावळायच्या आत जेवायला घरी गेल्या होत्या, तवा ती दुकानात एकटीच तपासत बसलेली. तक्त्यात बाकीच्या झऱ्यांचे आकडे दहावर दोन, दहावर तीन. एकाच झऱ्याचा दहावर सहा, आणि तो तिच्याच वाडीचा. झऱ्याखालचं टाकं तिच्या वडलांनी, उदयसिंहांनी, स्वतः दगड वाहून बांधलेलं. आख्खी वाडी त्याला आबांचं पाणी म्हणती. आबांचं पाणी वाईट, असं आपल्या हातानं कसं लिहायचं, म्हणून तिनं ओळ पुसली आणि खालचे क्रमांक नीट लावून ठेवले.

मला असा राग आला की सांगायची सोय न्हाई. चार बांधीव प्रती वाया! घड्याळात दीड वाजलेला. वर ही पोरगी एका म्हाताऱ्या बाईला आपले डोळे गेले असं वाटू देत उभी राहिली होती.

वैनी रागावल्या न्हाईत. त्यांनी चष्मा घातला आणि संगणकावरचं कापड काढलं.

"घरी पाणी तेच पित्यात?"

"व्हय."

"आबा पण?"

"सगळी वाडीच पिती, काकू."

"मग आधी घरी फोन लाव. उकळून प्या म्हणावं. तवर मी ओळ घालते."

मी सुरी घेऊन पहिल्या प्रतीची शिवण उसवायला बसलो. पोरगी बाहेर पायरीवर गेली. फोन लागला. मग तिचा आवाज ऐकू आला.

"आबा, जेवायला बसलाय का? तांब्या खाली ठेवा आधी."