बाबांनी दुरुस्त केलेला टेप

शेजारी कुणी सोल्डरिंग करत होतं. त्या वासाने मला एकोणीसशे पंच्याऐंशीच्या सुमाराला, केळशीच्या आमच्या ओटीवर नेलं. बोटीवर नोकरीला असलेले बाबा सुट्टीवर आले होते. त्यांनीच दुबईहून आणलेला मोठा टेपरेकॉर्डर खाऱ्या हवेने गंजून बंद पडला होता. बाबा रोज तो उघडून सोल्डरिंग करत बसत.

“अहो, आलायत तर पोरींशी बोला जरा,” आई म्हणायची.

“हा सुरू होऊ दे, मग बोलतो,” बाबा मान खालीच ठेवून म्हणायचे.

ते परत निघाले त्या सकाळी टेप वाजला. आम्ही बहिणी अंगणात नाचलो. बॅग भरता भरता बाबा हसत होते.

त्याच फेरीत ते बोटीवरच वारले. हृदय बंद पडलं म्हणे. टेप मात्र कितीतरी वर्षं वाजत राहिला. त्यात आवाज भरता यायचा. बाबांचा भरून ठेवावा, हे त्या सकाळी आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.